बर्फांतला पीटर आणि तात्पर्याची सक्ती

मुलांचें पुस्तक हातीं पडतांच शेवटीं बोध काय दिला आहे हें आधीं पाहणारी मंडळी आपल्यांत थोडीथोडकी नाहींत. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनीं १८२८ सालीं इसाप मराठींत आणला. त्या इसापाविषयीं आमची तक्रार नाहीं. प्रत्येक गोष्ट इसापाचीच असली पाहिजे या हट्टाविषयीं मात्र आहे. तो हट्ट किती अन्यायाचा आहे हें दाखविण्यास एक अमेरिकन चित्रपुस्तक पुरेसें आहे.

एझ्रा जॅक कीट्स यांचें ‘द स्नोई डे’ १९६२ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत घडतें तें एवढेंच: पीटर नांवाचा लहानगा सकाळीं उठून पाहतो तों बाहेर सर्वत्र बर्फ. तांबडा पोशाख चढवून तो बाहेर पडतो. पावलें कधीं बाहेर, कधीं आंत वळवून ठसे उमटवितो; काठीनें झाड बडवून त्यावरचें बर्फ आपल्याच डोक्यावर पाडून घेतो. घरीं येतांना बर्फाचा एक गोळा उद्यांसाठीं खिशांत घालतो. निजण्यापूर्वीं खिसा चाचपतो तों रिकामा! दुसऱ्या सकाळीं पुन्हां बर्फ पडत असतें, आणि मित्राला घेऊन तो बाहेर जातो. हांव धरूं नये असें येथें आई सांगत नाहीं, लेखकही सांगत नाहीं. गोळा कोठें गेला हें ऐकणारें पोर पीटरच्या आधीं ओळखतें, आणि त्याचा सारा आनंद त्या ओळखण्यांत आहे.

हा पीटर कृष्णवर्णीय आहे. पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबांतील कीट्स यांचा जन्म १९१६ चा, ब्रुकलिनमधला. १९४० सालीं ‘लाइफ’ साप्ताहिकांत आलेलीं एका कृष्णवर्णीय मुलाचीं छायाचित्रें त्यांनीं कापून वीस वर्षांहून अधिक काळ जपलीं. त्यांतून पीटर जन्मला. त्या काळची स्थिति नॅन्सी लॅरिक यांनीं १९६५ सालीं आंकड्यांनीं मांडली: १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत ६३ प्रकाशकांनीं काढलेल्या ५,२०६ बालपुस्तकांपैकीं ज्यांत एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ति आहे अशीं पुस्तकें अवघीं ३४९.

पीटरच्या आईचें स्थूल, भडक पिवळ्या पोशाखांतलें चित्र लॅरिक यांना खटकलें. हा आक्षेप आम्ही विचारार्ह मानतों, कारण तो चित्र पाहून घेतलेला आहे. परंतु पीटरच्या वर्णाविषयीं, त्याच्या समाजाच्या दुःखाविषयीं पुस्तकांत अक्षरही नाहीं, असा दोष देणारे टीकाकारही निघाले. त्यांना आमचा सवाल असा: गोरा मुलगा पुस्तकांत बर्फ तुडवीत होता, तेव्हां त्याच्याकडे कोणी कारण मागितलें होतें काय? कृष्णवर्णीय मुलानें पुस्तकांत यावें तें आपली कैफियत घेऊनच, नाहीं तर दाराबाहेर थांबावें, हा कोणता न्याय? निर्हेतुक खेळ हा ज्याला आजवर नाकारला, त्याला तो देणें हेंच या पुस्तकाचें म्हणणें आहे. तें शब्दांत सांगितलें असतें तर पीटरच्या हातून त्याचा दिवस हिरावला गेला असता.

१९६३ सालीं या पुस्तकास कॅल्डेकॉट पदक मिळालें. २०२० सालीं न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयानें आपल्या १२५ वर्षांतील सर्वाधिक वाचकांनीं नेलेल्या पुस्तकांची यादी केली, तींत हें पहिलें ठरलें. तें ४,८५,५८३ वेळां नेलें गेलें होतें. लोकप्रियता हा गुणाचा पुरावा नव्हे, हें आम्ही जाणतों. पण बोधावांचून मुलांचें पुस्तक टिकत नाहीं, या समजुतीचा निकाल लावण्यास ती पुरेशी आहे.

आमच्याकडे बर्फ नाहीं, पण थंडी आहे. धुकें आहे, हुरडा आहे, पहांटेची शेकोटी आहे. तिच्याभोंवतीं बसलेल्या पोरांचें चित्र कोणी काढील, तर त्याखालीं ‘विस्तवाशीं खेळूं नये’ असें लिहिण्याची सक्ती त्याच्यावर करूं नका. पोरांना ऊब घेऊं द्या.