नातवंडांच्या हाती घड्याळ

तोंड एका बाजूला वाकडं होतं, हातातला कप निसटतो, जीभ अडखळते. मग ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणत तेलमालीश सुरू होते. हा पक्षाघात असू शकतो, आणि त्यातली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मात्र लक्षणं दिसू लागल्यापासून साधारण साडेचार तासांतच देता येतं, तेही सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री पटल्यावर. कर्जत-खालापूरच्या डोंगरवाड्यांत यातला बराच वेळ झोळीतून रस्त्यापर्यंत येण्यातच जातो.

म्हणून लक्षणं घरातच ओळखली पाहिजेत. ग्रीसमधल्या मॅसेडोनिया विद्यापीठाच्या साथीने आखलेला ‘फास्ट हीरोज’ उपक्रम आजी-आजोबांसाठी हे लहान मुलांनाच शिकवतो. आपल्या जिल्हा परिषद शाळांना आणि आश्रमशाळांना त्यासाठी महागडं साहित्य नको. हसायला सांगा, दोन्ही हात उचलायला लावा, एक वाक्य म्हणवून घ्या. काही बिघडलेलं दिसलं तर 108. तोंडात पाणीही घालू नका.

प्रतिबंधाचा धडा अवघड. आजीची मशेरी लपवणाऱ्या नातवाला धपाटाच मिळायचा! पण तिला रक्तदाब मोजायला उपकेंद्रात नेण्याचा गृहपाठ जमण्यासारखा आहे, आणि मध्येच सोडलेली गोळी पुन्हा सुरू करवण्याचाही.

29 ऑक्टोबरचा जागतिक पक्षाघात दिन अनेकदा दिवाळीच्या सुट्टीत येतो. शाळांनी हा तास त्याआधीच घ्यावा.