बरगीची थकबाकी आणि चुटक्याची वीज

संसदेच्या २०२५ च्या हिवाळी अधिवेशनात अणुऊर्जेसंबंधीचे ‘शांती’ विधेयक सादर झाले आणि आठवडा उलटण्याच्या आत दोन्ही सभागृहांनी ते संमत केले. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा आण्विक नुकसानभरपाईचा कायदा हे दोन्ही त्यामुळे मोडीत निघाले. खासगी कंपन्यांना अणुवीज प्रकल्प उभारण्याची वाट मोकळी झाली. विधेयक संसदीय समितीकडे पाठवून त्याचा नीट अभ्यास व्हावा, ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. हवामान बदलाचे संकट आणि स्वच्छ ऊर्जेची निकड ही कारणे पुढे ठेवली की चर्चेला फारसा वेळ द्यावा लागत नाही, असा नवा संसदीय प्रघात यातून पडू पाहत आहे.

या घाईचे मोल दिल्लीत बसून कळत नाही. ते जबलपूरहून अधिक स्पष्ट दिसते. नर्मदेवरील बरगी धरण १९९० मध्ये पूर्ण झाले. जबलपूर, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांतील १६२ गावांना त्याच्या जलाशयाची झळ बसली. या धरणावरील वीजगृहाची क्षमता अवघी ९० मेगावॉट. ज्यांची शेते पाण्याखाली गेली त्यांतले बहुसंख्य गोंड आदिवासी होते. काहींनी काठावर उंच जागी पुन्हा घरे बांधली, काहींना जबलपुरात रिक्षा ओढावी लागली. जलाशयातील मासेमारीच्या हक्कासाठीही विस्थापितांना नव्वदच्या दशकात आंदोलनच करावे लागले.

त्याच जलाशयाच्या काठावर, मंडला जिल्ह्यातील चुटका येथे, प्रत्येकी ७०० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या उभारण्यास २००९ मध्ये केंद्राने तत्त्वतः मंजुरी दिली. तेव्हा सत्तेवर संयुक्त पुरोगामी आघाडी होती. २०१७ मध्ये एकाच वेळी दहा अणुभट्ट्यांना मान्यता देण्यात आली, त्यांत चुटक्याच्या दोन्ही होत्या. तेव्हा सत्तेवर राष्ट्रीय लोकशाही आघाडी होती. प्रकल्पाची पर्यावरणविषयक जनसुनावणी २०१३ मध्ये विरोधामुळे दोनदा पुढे ढकलावी लागली आणि अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये मोठ्या पोलीस बंदोबस्तात ती उरकण्यात आली. तेथे अद्याप एकही अणुभट्टी उभी नाही. पण जमीन हातची जाण्याची टांगती तलवार मात्र कायम आहे. बरगीने एकदा उठवलेल्या कुटुंबांना त्याच पाण्यासाठी दुसऱ्यांदा उठवले जाणार आहे. एका पिढीच्या आयुष्यात राष्ट्रहिताच्या नावाने दोनदा बेघर होण्याचे हे भाग्य दिल्लीतील एकाही धोरणकर्त्याच्या वाट्याला आलेले नाही.

अणुऊर्जेच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही, असा याचा अर्थ नव्हे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे पंतप्रधानांनी २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले. २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत शंभर गिगावॉट अणुवीजक्षमतेचे लक्ष्य जाहीर झाले. जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेचा निम्मा वाटा बिगरजीवाश्म स्रोतांचा झाला. मात्र प्रत्यक्षात निर्माण होणाऱ्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज अजूनही कोळशापासूनच मिळते. सूर्य मावळल्यावर सौर पॅनेल थंडावतात, अणुभट्टी रात्रंदिवस चालते. रीवा येथील ७५० मेगावॉटच्या सौर प्रकल्पाने २०१७ मध्ये पहिल्या वर्षासाठी युनिटला २ रुपये ९७ पैसे दर देऊन सर्वांना चकित केले खरे. पण त्याच राज्याला रात्रीच्या विजेसाठी सिंगरौली आणि बिरसिंगपूरच्या कोळशाकडेच पाहावे लागते. तेव्हा प्रश्न अणुऊर्जा हवी की नको एवढाच नाही. तिची किंमत कोणी मोजायची आणि ते कोणी ठरवायचे, हा खरा राजकीय प्रश्न आहे.

त्याचे उत्तर कायद्याच्या परिशिष्टांत दडलेले आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने अनुसूचित क्षेत्रात जमीन घेताना ग्रामसभेची पूर्वसंमती आवश्यक केली. मंडला हे पाचव्या अनुसूचीतील क्षेत्र. परंतु याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात तेरा कायद्यांखालील संपादनाला सूट देण्यात आली आणि त्या यादीत अणुऊर्जा कायदा, कोळसाक्षेत्र कायदा आणि वीज कायदा हे तिन्ही होते. २०१५ च्या आदेशाने भरपाई आणि पुनर्वसनाच्या तरतुदी त्यांनाही लागू झाल्या, संमतीची अट मात्र लागू झाली नाही. थोडक्यात, ऊर्जेसाठी जमीन घेताना पैसे द्यावे लागतील, पण विचारण्याची गरज नाही! मध्य प्रदेशाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पेसा कायद्याचे नियम राष्ट्रपतींच्या उपस्थितीत मोठ्या समारंभाने जाहीर केले. त्या नियमांची खरी कसोटी चुटक्यासारख्या गावांतच लागायची आहे.

दुसरी बाब याहून गंभीर आहे. २०१० चा नुकसानभरपाई कायदा भोपाळच्या छायेत घडला होता. त्या वर्षी ७ जूनला वायुदुर्घटनेच्या खटल्यात दोषींना जेमतेम दोन वर्षांच्या शिक्षा झाल्या आणि देशभर संताप उसळला. विधेयक स्थायी समितीकडे गेले. विरोधी बाकांवरील भारतीय जनता पक्षाच्या आग्रहाने चालकाच्या दायित्वाची मर्यादा पाचशे कोटींवरून दीड हजार कोटींवर नेण्यात आली. सदोष यंत्रसामग्री पुरवणाऱ्याकडून भरपाई वसूल करण्याचा हक्कही प्रकल्पचालकाला मिळाला. नव्या कायद्याने पुरवठादारावरील हे दायित्व काढून टाकले. करारात तसे लिहून घेतले असेल किंवा नुकसान हेतुपुरस्सर केले असेल तरच आता वसुली शक्य आहे. भोपाळने देशाला शिकवलेला धडा भोपाळच्याच राज्यात उभ्या राहणाऱ्या अणुभट्टीला लागू नसावा, यातला विरोधाभास संसदेला जाणवला नाही, की जाणवूनही तिने गप्प राहणे पसंत केले?

मराठी वाचकाला येथे जैतापूर आठवेल. एप्रिल २०११ मध्ये तेथे पोलीस गोळीबारात एकाचा बळी गेला आणि तो प्रकल्प राष्ट्रीय वादाचा विषय झाला. कोकणच्या पाठीशी हापूस होता, मुंबईची वृत्तपत्रे होती आणि शिवसेनेसारखा पक्षही होता. चुटक्यापाशी यांतले काहीच नाही. ज्याचा आवाज दिल्लीपर्यंत पोहोचत नाही, त्याच्या जमिनीवर हवामानाचे उद्दिष्ट गाठणे सर्वांत सोपे ठरते.

राज्य सरकारची अडचणही समजून घ्यायला हवी. २००० मध्ये छत्तीसगड वेगळा झाला, कोरबाची वीजकेंद्रे तिकडे गेली आणि ग्राहकांचा भार इकडे उरला. २००३ ची निवडणूक ‘बिजली, सडक, पानी’ या घोषणेवर लढली गेली आणि दिग्विजय सिंह यांची दहा वर्षांची सत्ता त्यात वाहून गेली. तेव्हापासून भोपाळमधील कोणताही मुख्यमंत्री विजेच्या प्रकल्पाला नकार देण्याचे धाडस करीत नाही. मात्र दीर्घ मुदतीचे वीजखरेदी करार झाले की वीज उचलली नाही तरी स्थिर आकार भरावाच लागतो आणि तो शेवटी ग्राहकाच्याच बिलात चढतो. प्रकल्पाचे श्रेय केंद्राचे, जमिनीचा रोष राज्याचा आणि बिल जनतेचे, अशी ही वाटणी आहे.

या वाटणीचा हिशेब जबलपूरच्या शक्तिभवनाला चांगला ठाऊक आहे. जुन्या विद्युत मंडळातून निघालेल्या निर्मिती, पारेषण आणि वीजखरेदी कंपन्यांची मुख्यालये याच शहरात आहेत. १९५६ पर्यंत हे शहर नागपूरसह एकाच राज्यात होते आणि येथील सरकारी कार्यालयांत मराठी अधिकाऱ्यांच्या पिढ्या राबल्या. फाइलीवरील एका टिपणीचे वजन त्यांना सांगायला नको. चुटक्याच्या विजेचा करार पुढे सरकण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर याव्यात: बरगीच्या विस्थापितांपैकी कोणाला काय मिळाले याची गाववार यादी, कमी पावसाच्या वर्षात सिंचन, पिण्याचे पाणी आणि अणुभट्टी यांत जलाशयाचे पाणी कसे वाटायचे याचा आराखडा आणि कायद्याने सूट दिली असली तरी ग्रामसभेचा मोकळेपणाने घेतलेला ठराव. यातली एकही मागणी अणुऊर्जेच्या विरोधात नाही.

हवामान बदल हे न्यायाचेही संकट आहे, असे भारत प्रत्येक जागतिक परिषदेत श्रीमंत राष्ट्रांना सुनावत आला आहे. ज्यांनी प्रदूषण केले नाही त्यांनी किंमत का मोजावी, हा आपला प्रश्न रास्तच आहे. चुटक्याचा गोंड शेतकरी तोच प्रश्न आपल्याला विचारतो आहे. जगाकडून ज्या उत्तराची आपण अपेक्षा करतो, ते आधी नर्मदेच्या काठी द्यावे लागेल.