विषाणू रक्तात नव्हे, अर्बुदात शोधा

‘सर्वसामान्य विषाणूमुळे पोटाचा कर्करोग’ अशा आशयाचा मथळा दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागतो. इंदूरच्या प्रयोगशाळेतील निष्कर्ष म्हैसूरच्या बोगादीतल्या फोनवर पोहोचेपर्यंत त्यातल्या अटी गळून पडतात आणि भीती तेवढी शिल्लक राहते. मग दोन पक्ष पडतात. एक पक्ष रक्ततपासणीसाठी धावतो. दुसरा म्हणतो, हा विषाणू तर सगळ्यांच्याच अंगात असतो, मग त्यात विशेष ते काय? वरवर हे पक्ष परस्परविरोधी दिसतात, पण दोघांची चूक एकच आहे. दोघेही विषाणू माणसात शोधतात. तो शोधायला हवा अर्बुदात.

मूळ संशोधन काय सांगते ते आधी पाहावे. आयआयटी इंदूरमधील हेमचंद्र झा यांच्या गटाने २०२१ मध्ये ‘एमस्फियर’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एपस्टाइन-बार विषाणू (ईबीव्ही) आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू यांचा जठराच्या पेशींना एकत्र संसर्ग झाला, तर गँकिरिन या प्रथिनाच्या मार्गाने त्या पेशींची आक्रमकता वाढते, असा त्याचा आशय आहे. कर्करोगाच्या यंत्रणेतील एक दुवा त्यातून पुढे येतो, आणि ते महत्त्वाचेच आहे. परंतु पेशींमध्ये दिसलेली यंत्रणा म्हणजे विषाणूबाधित माणसाच्या भवितव्याचे भाकीत नव्हे. मथळे नेमकी हीच सीमारेषा पुसून टाकतात.

हा विषाणू नवा नाही. अँथनी एपस्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांनी १९६४ मध्ये बर्किट लिम्फोमाच्या पेशींत तो प्रथम पाहिला. मानवी कर्करोगात सापडलेला तो पहिला विषाणू. लाळेतून पसरणारा हा संसर्ग जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांना झालेला असतो, आणि एकदा शिरलेला विषाणू पांढऱ्या रक्तपेशींत जन्मभर निपचित पडून राहतो. त्यामुळे बोगादीतल्या एखाद्या विद्यार्थ्याने घाबरून रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून घेतली, तर ती बहुधा होकारार्थीच येईल. त्यातून त्याच्या जठराविषयी जवळजवळ काहीच कळणार नाही.

एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. भारतातील प्रौढांची संख्या ९० कोटी धरली आणि त्यांपैकी ९० टक्क्यांत विषाणू आहे असे मानले, तर ८१ कोटी वाहक होतात. देशात जठराच्या कर्करोगाचे नवे रुग्ण वर्षाला सुमारे ६०,००० आढळतात. त्यांतील ९ टक्के विषाणूशी निगडित धरले, तर ५,४००. म्हणजे वर्षाला दीड लाख वाहकांमागे एक रुग्ण. आकडे ढोबळ असले तरी परिमाण स्पष्ट आहे. ‘रुग्णांपैकी किती जणांच्या अर्बुदात विषाणू आहे’ आणि ‘विषाणू असलेल्यांपैकी किती जण रुग्ण होतील’ हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या जागी छापणे ही केवळ भाषेची चूक नाही, गणिताची आहे.

मात्र या हिशेबावरून विषाणू निर्दोष ठरवणाऱ्यांनीही सावध असावे. ९ टक्के हा आकडा ‘द कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस’ या प्रकल्पाने २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये दिलेला आहे. जठराच्या २९५ अर्बुदांचे विश्लेषण करून त्याने चार रेणवीय प्रकार निश्चित केले, आणि त्यांतील एक स्वतंत्र प्रकार ईबीव्हीबाधित अर्बुदांचा होता. त्यांच्या डीएनएवर मेथिलीकरणाचा थर विलक्षण दाट असतो, आणि त्यामुळे काही संरक्षक जनुके मुकी होतात. शिवाय अशा अर्बुदात विषाणू जवळपास प्रत्येक कर्कपेशीत सापडतो. त्याच्या जनुकद्रव्याच्या टोकांची रचना त्या सगळ्या पेशींत एकसारखी असते, हे जपानी संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवले. याचा अर्थ असा की एका बाधित पेशीपासून सारा विस्तार झाला. विषाणू आधी शिरला, अर्बुद नंतर वाढले. केवळ वाटसरू म्हणून आलेला विषाणू अशी खूण मागे ठेवत नाही.

तरीही ‘कारण’ हा शब्द जपूनच वापरावा लागतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ईबीव्हीला १९९७ मध्येच मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले, पण ते इतर काही कर्करोगांच्या पुराव्यावर. जठराबाबत २०१२ च्या तिच्या ग्रंथात ‘संबंध आढळला’ एवढेच म्हटले आहे. हेलिकोबॅक्टर १९९४ पासून त्याच गटात आहे. तरीही भारतात त्याचा संसर्ग प्रचंड असून जठराचा कर्करोग त्या मानाने कमी आहे. देशात या रोगाचे प्रमाण सर्वाधिक आहे ते मिझोराममध्ये, आणि तेथे तंबाखूच्या धुराचे पाणी म्हणजे ‘तुइबुर’, तसेच धुरावलेले, खारवलेले मांस यांच्याकडे अभ्यासकांनी बोट दाखवले आहे. एकट्या जंतूवर सारे खापर फोडले, तर या कोड्याचा उलगडा होत नाही.

हा विचार मराठी वाचकाला परका असण्याचे कारण नाही. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवर काम करताना कर्करोगाची प्रवणता, संप्रेरके आणि अर्बुदकारी विषाणू यांचे परस्परसंबंध तपासले होते. उंदरांच्या स्तनांच्या कर्करोगाचा विषाणू आईच्या दुधातून पिलांत जातो. पण रोग होण्यासाठी आनुवंशिक वाण आणि संप्रेरकेही अनुकूल असावी लागतात. बीज, माती आणि ऋतू यांचा मेळ बसल्याशिवाय पीक येत नाही, हे ज्या समाजाला शिकवावे लागत नाही, त्याने एककारणी मथळ्यांना भुलावे हे नवलच.

मग मागणी कशाची करावी? रक्ततपासणीच्या शिबिरांची नव्हे. जठराच्या कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णाच्या बायोप्सीच्या तुकड्यावर ‘ईबर’ चाचणी व्हावी, अशी. ही चाचणी विषाणूच्या छोट्या आरएनएचा ठाव थेट कर्कपेशीत घेते. १९९० च्या दशकापासून ती जगभर वापरात आहे. तिचा निकाल उपचारालाही दिशा देऊ शकतो. दक्षिण कोरियात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारे औषध ६१ रुग्णांना दिले गेले. त्यांतील ईबीव्हीबाधित अर्बुदे असलेल्या सहाही रुग्णांत अर्बुद आक्रसले. सहा ही संख्या लहान आहे, तिच्यावर इमला रचता येत नाही; पण दुर्लक्ष करण्याइतकीही ती क्षुल्लक नाही.

यावर आक्षेप येतो की औषध इतके महाग असताना चाचणी करून साधणार काय? आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो उलटा उभा आहे. किती रुग्णांना उपयोग होईल हे ज्या देशाला ठाऊकच नाही, तो औषधाच्या किमतीची घासाघीस कोणत्या बळावर करणार? राष्ट्रीय कर्करोग नोंदणी १९८१ पासून चालू आहे. तिच्यात जठराच्या कर्करोगापुढे विषाणूचा एक रकाना असावा, आणि तो भरण्याइतकी सोय जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत पोहोचावी.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी पुढच्या वेळी असा मथळा दिसताच एवढेच विचारावे: विषाणू नेमका कोठे सापडला? पेशीसंवर्धनात, रक्तात की रुग्णाच्या अर्बुदात? बातमीत याचे उत्तर नसेल, तर ती बातमी अर्धवट आहे.