फर्स्ट इयरची पहिली सहामाही: मार्क नंतर विचारा

दरवर्षी नवरात्र ते दिवाळी या काळात माझ्याकडे एका ठराविक प्रकारचे पेशंट येऊ लागतात. वय अठरा-एकोणीस. कुणाचं डोकं दुखतं, कुणाला ॲसिडिटी, कुणाच्या छातीत धडधडतं, कुणाला झोप लागत नाही, तर कुणाला सकाळी उठवतच नाही. बीपी नॉर्मल, ईसीजी नॉर्मल. काय शिकतोस विचारलं की उत्तर येतं, फर्स्ट इयर. इंजिनिअरिंग, फार्मसी, एमबीबीएस, कधी साधं बीएस्सी. सोबतचे आई-वडील म्हणतात, "डॉक्टर, बारावीला चांगले मार्क होते हो, आता अभ्यासात लक्षच नाही. एखादं टॉनिक द्या."

टॉनिकने यात काही होत नाही. आज मला थोडं त्या आई-वडिलांशीच बोलायचं आहे. पहिल्या सहामाहीत मुलाच्या अभ्यासावर लक्ष ठेवणं हे पालकांचं मुख्य काम नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. वाईट बातमी मुलाला बिनधास्त घरी सांगता आली पाहिजे, हे त्यांचं मुख्य काम. बरेच पालक नेमकं उलट करतात, आणि तेही प्रेमापोटी.

आधी मार्क का घसरतात ते समजून घेऊ. आपल्याकडे अकरावी-बारावीला कॉलेज म्हणतात, पण आजकाल किती मुलं खरोखर कॉलेजात जातात? नाव ज्युनिअर कॉलेजात आणि मुलगा दिवसभर क्लासमध्ये. तिथे नोट्स तयार, टेस्टचं टाइमटेबल तयार, कोणता धडा किती मार्कांचा हेही कुणीतरी सांगितलेलं. चार पर्यायांतून एक निवडायचा. दोन वर्षं मेंदूला ही सवय लागते. मग एका सोमवारी हेच मूल अशा वर्गात बसतं जिथे सर एका तासात वीस पानं पुढे जातात, पुस्तक कोणतं वाचायचं ते धड कळत नाही आणि परीक्षा थेट सत्राच्या शेवटी. एमबीबीएसला ॲनाटॉमी, इंजिनिअरिंगला एम-वन म्हणजे पहिल्या सत्राचं गणित, हे विषय हुशार मुलांनाही आडवे करतात. म्हणून या मुलांना आळशी म्हणू नका. त्यांची जुनी पद्धत इथे चालत नाही आणि नवी अजून कुणी शिकवलेली नाही, एवढंच झालेलं असतं.

तालुक्याच्या गावाहून पुण्या-मुंबईला किंवा संभाजीनगरला आलेल्या मुलांची अडचण आणखी वेगळी. इंग्रजी वाचलेलं त्यांना कळतं. पण भराभर बोललेलं इंग्रजी डोक्यावरून जातं, आणि तोंडी परीक्षेत उत्तर माहीत असूनही तोंडातून शब्द फुटत नाही. त्यात आजूबाजूला सगळेच आपापल्या शाळेतले पहिले-दुसरे आलेले. १२० जणांच्या वर्गात ६० जण खालच्या अर्ध्यात असणारच, पण आयुष्यात प्रथमच त्या साठात आलेल्या मुलाला ते पटत नाही. "आपण इथे चुकून आलो" असं त्याला वाटायला लागतं.

अशा वेळी घरून फोन येतो. "जेवलास का? अभ्यास कसा चाललाय? टेस्टचे मार्क आले का?" मूल म्हणतं, "हो, ठीक आहे." फोन संपतो. पुढच्या टेस्टला मार्क आणखी कमी पडतात, पण आता आधीचं लपवलेलं असतं, त्यामुळे तेही लपवावं लागतं. केटी लागली तरी घरी पत्ता नाही. मुलांना मार्कांपेक्षा जास्त पोखरतं ते हे लपवणं. धडधड, ॲसिडिटी, रात्रभर जागरण यांची मुळं बरेचदा इथेच सापडतात. "तुझ्यासाठी कर्ज काढलंय, लक्षात ठेव" हे वाक्य तर कृपा करून उच्चारू नका. त्याला ते माहीत असतं. रात्री दोन वाजता तो तोच विचार करत जागा असतो.

त्याऐवजी काय विचारायचं? मी पालकांना एक प्रश्न सुचवतो. "जेवलास का?" ऐवजी "आज कोणाबरोबर जेवलास?" असं विचारा. पहिल्या दोन आठवड्यांत "एकटाच" असं उत्तर आलं तर काळजी नको. दीड-दोन महिन्यांनीही तेच उत्तर असेल, किंवा "रूमवरच बिस्किटं खाल्ली" असं असेल, तर त्या रविवारी एसटी पकडून जाऊन या. ओरडायला जाऊ नका, सोबत जेवायला जा.

आणि पहिल्या केटीच्या आधीच एकदा स्पष्ट सांगून ठेवा, "एखादा विषय राहिला तर आम्हाला सांग, आम्ही ओरडणार नाही." मग खरंच ओरडू नका. पाळता येणार नसेल तर हे वचन देऊच नका, कारण एकदा मोडलं की मूल पुन्हा काही सांगणार नाही.

आता मुलांसाठी दोन गोष्टी

पहिली झोप. या वयात शरीराचं घड्याळच उशिरा चालतं, झोप आणणारं मेलाटोनिन मोठ्यांपेक्षा उशिरा वाढतं. म्हणून दहाला झोप येत नाही, यात तुमचा दोष नाही. पण सात तास तरी हवेतच. दिवसा वाचलेलं पक्कं करण्याचं काम मेंदू झोपेत करतो, त्यामुळे रात्रभर जागून केलेला अभ्यास बराचसा वाहून जातो. चहा-कॉफी-एनर्जी ड्रिंकमधलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री दहाला प्यायलात तर पहाटे तीनलाही अर्धं अंगात असतं. संध्याकाळनंतर ते बंद करा.

दुसरी, वाचनाची पद्धत. तेच पान चार वेळा वाचून "आलं" असं वाटतं, पण तो भास असतो. २००६ साली रोडिगर आणि कारपिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो झाकून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर लिहून काढणारे स्पष्ट पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. तेव्हा रोजचं लेक्चर संध्याकाळी वही मिटून अर्ध्या पानात लिहायचं, चुकलेलं तपासायचं, आणि दोन-तीन दिवसांनी तेच पुन्हा करायचं. तोंडी परीक्षेसाठी रूममेटला ते मोठ्याने समजावून सांगा, मराठीत सुरुवात केली तरी चालेल.

कॉलेजांबद्दलही बोलायला हवं. नियम आहेत. एआयसीटीईने इंजिनिअरिंगच्या नव्या मुलांसाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम ठरवला आहे, यूजीसीने २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' नावाने तशीच योजना आणली, आणि त्याच वर्षापासून एमबीबीएसला सुरुवातीचा फाउंडेशन कोर्सही आहे. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी सभागृहात भाषणं, पाहुण्यांचा सत्कार आणि हजेरी. माझ्या मते भाषणं निम्मी करून पंधरा-वीस मुलांमागे एक शिक्षक नेमावा, आणि त्याने पहिल्या टेस्टनंतर प्रत्येकाशी दहा मिनिटं एकट्याने बोलावं. याला वेगळा निधी लागत नाही.

रॅगिंगबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "सिनिअर आहेत, थोडी गंमत चालायचीच" असं घरच्यांनी तरी म्हणू नये. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा देशपातळीवरचा मोफत क्रमांक आहे.

डॉक्टरकडे कधी यायचं?

नव्या जागी गेल्यावर काही आठवडे घरची आठवण येणं, रडू येणं हे स्वाभाविक आहे, हळूहळू ते ओसरतं. पण सलग दोन आठवडे मन उदास आहे, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या, मूल मेसला जात नाही, आंघोळीचाही कंटाळा करतं, लेक्चर पूर्ण बंद, तर थांबू नका. "मी नसतो तर तुमचा खर्च वाचला असता" अशा अर्थाचं काही कानावर आलं तर त्याच दिवशी हालचाल करा आणि सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट मुलाचा श्वास मोकळा होतो. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि लगेच मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. हा क्रमांक मुलाच्या फोनमध्ये आजच सेव्ह करून द्या, गरज पडण्याची वाट पाहू नका.

दिवाळीत मूल घरी येईल तेव्हा पहिले दोन दिवस त्याला झोपू द्या. पाहुण्यांसमोर "किती पडले रे मार्क?" हा कार्यक्रम करू नका, आणि कुणी काकांनी विचारलंच तर विषय तुम्हीच बदला. फार थकलेलं, फिकं वाटत असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या. मेसच्या जेवणावर, त्यातही शाकाहारी मुलांत, बी-ट्वेल्व्ह कमी निघणं नवीन नाही. रिपोर्ट घेऊन या, मग औषधांचं बघू.