पाकिटावरचा डेगू

परवा ऑफिसातल्या एकाने विचारलं, "तुझ्याकडे डेगू आहेत ना? मुलीसाठी दोन आणतोय. खाणं कुठल्या कंपनीचं चांगलं?" मी जे तोंड उघडलं ते लंच ब्रेक संपल्यावरच मिटलं. बिचारा फक्त ब्रँड विचारत होता! तेच भाषण आता वीकांताला निवांतपणे तुमच्यावर सोडतोय.

डेगू म्हणजे काय हे इंग्लंडला येईपर्यंत मलाही माहीत नव्हतं. दिसायला उंदीर आणि खार यांच्या मधला, वजनाला पाव किलोच्या आसपास, मूळचा मध्य चिलीचा. गिनीपिग आणि चिंचिला यांचा भाऊबंद. दिवसा जागा असतो, कळपाने राहतो आणि अखंड बडबड करतो (थोडक्यात, आमच्या टीमसारखाच). एकटा ठेवायचा नाही, म्हणून मी दोन आणले. झंप्या आणि गंप्या.

त्यांच्यासोबत दुकानातून खाद्याचं पाकीटही आणलं. वर हसरा डेगू, आत रंगीबेरंगी मिश्रण. मक्याचे पोहे, सुके वाटाणे, सूर्यफुलाच्या बिया, केळ्याच्या चकत्या, बेदाणे. मला तर चिवड्याचीच आठवण झाली. प्रेमाने रोज वाटीभर घालायचो. आठ-नऊ महिन्यांनी गंप्या पाण्याच्या बाटलीलाच चिकटून बसायला लागला. मग एके सकाळी त्याचे डोळे दुधाळ दिसले. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, मधुमेह, आणि त्यातून मोतीबिंदू. दोन्ही डोळे गेले.

त्यानंतर मी वाचायला बसलो. म्हणजे जे आधी करायला हवं होतं ते नंतर केलं.

डेगूचं इन्सुलिन आपल्यासारखं नाही. या कुळातल्या प्राण्यांचं इन्सुलिन रचनेने वेगळं आणि कामाला फारच कमजोर असतं. त्यात डेगूच्या डोळ्याच्या भिंगात साखरेचं सॉर्बिटॉल करणारं एन्झाइम भरपूर, त्यामुळे रक्तात साखर वाढली की भिंग झपाट्याने गढूळ होतं. चिलीच्या माळावर हे खपून जातं, कारण तिथे खायला गवत, झुडपांची पानं, साली आणि बिया. कोरड्या ऋतूत काहीच मिळेना तर गुराघोड्यांचं वाळकं शेणसुद्धा खातो हा प्राणी! आणि त्याला आपण बेदाणे घालतो.

आता पाकीट उलटं करून बघा. युरोपातल्या २००९ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या खाद्यावर प्रत्येक घटकाचं नाव न लिहिता गटाचं नाव लिहिलं तरी चालतं. म्हणून 'वनस्पतीजन्य उपपदार्थ', 'विविध शर्करा' अशी गोलगोल भाषा. कुठेकुठे स्पष्ट लिहिलेलं असतं 'मोलॅसिस', म्हणजे मळी. मी सांगलीचा. मळीचा वास नाकात घेऊनच लहानाचा मोठा झालो. ती म्हशीच्या आंबोणात शोभते, डेगूच्या वाटीत नाही.

प्रथिने, स्निग्ध, तंतू, राख यांचे आकडे बहुतेक पाकिटांवर असतात. साखर आणि स्टार्चचा मात्र सहसा नसतो. मग साधी वजाबाकी करा. समजा प्रथिने १५, स्निग्ध ४, तंतू १०, राख ६ आणि ओलावा १० टक्के. बेरीज ४५. उरलेले ५५ कसले? त्यात काही विरघळणारे तंतूही येतात, पण बराचसा भाग स्टार्च आणि साखर. ज्या माणसाला कोडमधला एक चुकलेला सेमीकोलन दिसतो, त्याला ५५ टक्के दिसू नयेत? मला दिसले नव्हते.

"पण मिश्रणात चांगल्या गोष्टीही असतात की!" असतात. वाटीत तशाच उरतात. डेगू बिया आणि गोड तुकडे आधी उचलतो, गवताच्या कांड्या सोडून देतो. एडिंबरा विद्यापीठात सशांवर झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं. म्यूस्ली दिल्यावर सशांनी निवडून खाल्लं आणि गवत कमी खाल्लं. म्हणजे पाकिटावरचं संतुलन पाकिटातच राहतं. शिवाय डेगूचे दात जन्मभर वाढतात. ते झिजायला तासन्‌तास गवत चघळणं लागतं, मक्याचे पोहे कामाचे नाहीत.

"त्याला आवडतं, मग थोडं द्यायला काय हरकत?" हा आमच्या आईचा युक्तिवाद. वेबकॅमवरून सांगते, "एक बेदाणा दे रे, कसा बघतोय!" आई, बाबासुद्धा असेच बघतात जिलबीकडे.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मुख्य खाणं गवत. टिमथी किंवा कुरणाचं चांगलं सुकं गवत, चोवीस तास, हवं तेवढं. पेलेट हे तोंडीलावणं. प्रत्येकी दिवसाला साधारण १० ग्रॅम, सगळे दाणे एकसारखे असलेलं, म्हणजे निवडायला वावच नाही. घटकांच्या यादीत पहिलं नाव गवताचं हवं आणि मळी, मध, सुका मेवा कुठेही नको. अशा कसोटीला उतरणारं गिनीपिगचं किंवा चिंचिलाचं साधं पेलेट, डेगूचं चित्र असलेल्या चिवड्यापेक्षा कितीतरी बरं. आणि बदल हळूहळू कर, एका दिवसात नको.

गंप्याचा मधुमेह त्या पाकिटामुळेच झाला असं मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. प्रकृती असते, वय असतं. पण कंपनीला सगळा दोष देऊन मोकळं होणंही खोटं आहे. ते पाकीट डेगूसाठी नव्हतंच, माझ्यासाठी होतं. मला रंग आवडले, वाटी भरलेली बघून मला बरं वाटलं. खाणारा आणि विकत घेणारा वेगळे असले की पाकीट नेहमी विकत घेणाऱ्याशी बोलतं. लहान मुलांच्या 'पौष्टिक' पावडरी आणि बाबांची 'डायट' बिस्किटं आणतानाही हे आठवलं तर बरं.

गंप्या आता गवतावर आहे आणि पाणीही पूर्वीइतकं पीत नाही. दिसत नाही, पण पिंजऱ्याचा नकाशा त्याला पाठ झालाय. मी काही हलवलं तर मात्र अडखळतो, म्हणून मी काही हलवत नाही. पाकीट उघडल्याचा आवाज झाला की अजूनही धावत येतो.

असो. भाषण संपलं.