उन्हाळी विज्ञान शिबिराची यादी नेमके काय मोजते?

ठाणे पूर्वेच्या कोपरीत फेब्रुवारी-मार्चमध्ये नववीच्या मुलांच्या घरी दोन कामे एकाच वेळी चालू असतात. एकीकडे वार्षिक परीक्षेची उजळणी आणि दुसरीकडे इस्रोच्या ‘युविका’ म्हणजे युवा विज्ञानी कार्यक्रमाचा ऑनलाइन अर्ज. आठवीची गुणपत्रिका स्कॅन करायची, विज्ञान प्रदर्शनाचे प्रमाणपत्र कपाटातून शोधून काढायचे, शाळेचा सही-शिक्का आणायचा. पुढे यादी लागते आणि बहुतेक घरांतल्या मुलांचे नाव तिच्यात नसते. त्यानंतर घरात जे घडते, तो विषय शिक्षणाइतकाच आरोग्याचाही आहे.

हा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला तेव्हा प्रत्येक राज्य आणि केंद्रशासित प्रदेशातून तीन मुले घ्यायची असे ठरले होते. म्हणजे महाराष्ट्राला तीन आणि गोव्यालाही तीन. पुढे जागा वाढल्या, त्या साडेतीनशेच्या आसपास गेल्या, तेही संपूर्ण देशासाठी. निवड झाली की मे महिन्यात सुमारे दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात राहायचे. प्रवास, निवास आणि जेवणाचा खर्च इस्रो करते. अलीकडच्या वर्षांत निवडीचे निकष माहितीपत्रकातच छापलेले असतात. आठवीच्या गुणांना ५० टक्के भार, ऑनलाइन प्रश्नमंजूषेला १०, पंचायत क्षेत्रातील शाळेत शिकत असल्यास १५ आणि उरलेले विज्ञान प्रदर्शन, ऑलिम्पियाड, क्रीडास्पर्धा, स्काऊट-एनसीसी यांना. कोपरीतल्या मुलाची मोजणी त्यामुळे १०० पैकी नव्हे, ८५ पैकी होते. यात अन्याय नाही. शहापूर-मुरबाडच्या खेड्यातल्या मुलीला जी प्रयोगशाळा आणि जे क्लास मिळालेले नसतात, त्यांची ती थोडीफार भरपाई आहे. मात्र यादीत नाव नसण्याला मुलाच्या बुद्धीशी संबंध नसलेलीही कारणे असतात, हे निकालाच्या दिवशी कोणालाच आठवत नाही.

अकरावी-बारावीच्या मुलांसाठी दुसरी वाट मानखुर्दला जाते. तिथल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि खगोलशास्त्राच्या ऑलिम्पियाडची उन्हाळी शिबिरे भरतात. कोपरीहून लोकलने कुर्ल्याला उतरून हार्बर पकडली की झाले, अंतर तेवढेच. पण आधी नोव्हेंबरमधली देशव्यापी परीक्षा आणि मग जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास दुसरा टप्पा, म्हणजे बारावीच्या मुलांसाठी नेमका प्रिलिम आणि बोर्डाचा काळ. शिबिरात एका विषयाला काही डझन मुले पोहोचतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी त्यातून भौतिकशास्त्रात पाच आणि रसायनशास्त्रात चारच निवडली जातात.

वैद्यकात एखाद्या चाचणीची मर्यादारेषा रोगावरून ठरते. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह म्हणतात, कारण साधारण त्या पातळीपासून डोळ्यांच्या पडद्याला इजा होण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. शिबिराची मर्यादारेषा अशी ठरत नाही. ती सभागृहातल्या खुर्च्यांवरून ठरते. सरकारी रुग्णालयाशी ज्याचा संबंध आला आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. अतिदक्षता विभागात दहा खाटा असतील तर अकराव्या रुग्णाला वॉर्डात ठेवले जाते, याचा अर्थ त्याचा आजार किरकोळ आहे असा होत नाही. शिवाय एकदाच घेतलेल्या मोजणीवर किती विसंबायचे हाही प्रश्न आहेच. रक्तदाब एकदा वाढलेला दिसला म्हणून डॉक्टर लगेच आयुष्यभराच्या गोळ्या सुरू करत नाहीत, तो पुन्हा एकदोनदा मोजतात. रेषेच्या अगदी वरचा आणि अगदी खालचा मुलगा यांची परीक्षा आठवड्याने पुन्हा घेतली तर त्यांच्या जागा बदलू शकतात.

घरात मात्र यादी हेच निदान मानले जाते. ‘हा सायन्सचा नाहीच’ असे काही घरांत ठरते. काही घरांत त्याच आठवड्यात आणखी एक क्लास लावला जातो, आणि हा दुसरा प्रकार जास्त आढळतो. तो झोपेतून वसूल होतो. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना दिवसाला ८ ते १० तास झोप लागते. वयात येताना मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक रात्री तास-दोन तास उशिरा स्रवू लागते, त्यामुळे अकरापर्यंत डोळा न लागणे हा आळस नाही, ते शरीराचे वेळापत्रक आहे. त्यात सकाळी सातची शाळा. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा सकाळी नऊनंतर भरवण्याचा आदेश काढला तो चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. ज्यांची झोप खरोखर पुढे सरकलेली असते ती माध्यमिकची मुले त्यात नव्हती. दिवसा शिकलेले स्मृतीत पक्के होण्याचे काम बरेचसे झोपेत होते, म्हणून मध्यरात्रीनंतरचे दोन तास पुस्तकात गेले तरी डोक्यात फारसे उरत नाहीत.

बाह्यरुग्ण विभागात अशी मुले ‘ताण’ हा शब्द घेऊन येत नाहीत. डोकेदुखी, सकाळची मळमळ, पोटात दुखणे, छातीत धडधड अशा तक्रारी असतात. त्या खोट्या नसतात. मुलगी असेल तर हिमोग्लोबिन आधी पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला आणि लोहाच्या कमतरतेने एकाग्रता कमी होते. अशा मुलीला अभ्यासावर लक्ष दे म्हणून बजावण्यात काही अर्थ नसतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, मित्र तुटले, खाणे-झोपणे बिघडले किंवा जगण्याविषयी निराशेची भाषा आली, तर ‘निकाल विसरेल’ म्हणून थांबू नये. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तो पालकांनीही फिरवावा.

अलीकडे या हळव्या आठवड्यांचा एक बाजारही उभा राहिला आहे. परदेशी विद्यापीठाच्या आवारात तीन आठवड्यांचा उन्हाळी वर्ग, काही हजार डॉलर शुल्क आणि शेवटी प्रमाणपत्र. अमेरिकेत एमआयटीमध्ये भरणारा आरएसआय हा निवडक मुलांचा कार्यक्रम शिकवणीचे पैसे घेत नाही आणि युविकाही घेत नाही. जिथे चुरस खरी असते तिथे बहुधा शुल्क नसते किंवा गरजूंना ते माफ असते. पैसे भरले की प्रवेश नक्की, अशा वर्गात मूल मजेत राहून येईलही. त्याला स्पर्धात्मक निवड समजून कर्ज काढू नये, इतकेच.

निवड न झालेल्या मुलाच्या हातात मे महिना तसाच शिल्लक असतो. कोपरीच्या मीठबंदराला लागूनच ठाण्याची खाडी आहे, जिला २०२२ मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. तिथे उन्हाळ्यातही काही रोहित पक्षी रेंगाळलेले असतात. घरातले कोणी मोठे माणूस सोबत घेऊन सकाळी सहाला तिथे जायला हरकत नाही. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की पुढे सरकलेले झोपेचे घड्याळ मागे यायला मदत होते, झोपेच्या तक्रारींवर हा उपाय डॉक्टरही सुचवतात. सोबत वही आणि साधा तापमापक असला की पक्ष्यांची संख्या, पाण्याचे तापमान, भरती कुठपर्यंत आली याची नोंद करता येते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. तिच्याशेजारी चंद्र उगवण्याची वेळही लिहीत गेल्यास पंधरा दिवसांत त्या दोन रकान्यांमधले नाते वहीतच दिसू लागते.