कर्ज काढून कर्ज फेडा, पण कार्ड खिशात ठेवून नाही

आमच्याकडे विदर्भात एक वाक्य घरोघरी ऐकायला मिळतं : "कर्ज काढून कर्ज फेडू नये." मोठी माणसं हे सांगतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर सावकार असतो, गहाण पडलेलं वावर असतं. त्यांचं काही चुकत नाही. पण हेच वाक्य मिहानला नोकरी करणारी, मनीषनगर-बेसा भागात फ्लॅटचा हप्ता भरणारी मंडळी क्रेडिट कार्डाच्या थकबाकीला लावतात, दर महिन्याला 'मिनिमम ड्यू' भरतात आणि "आपण काही नवं कर्ज काढलं नाही बाप्पा" या समाधानात झोपी जातात. तेव्हा मात्र बोलावंच लागतं.

माझं म्हणणं सरळ आहे. कार्डावरची थकबाकी दोन-तीन पगारांत फिटण्यासारखी नसेल, तर पर्सनल लोन काढून ती एकरकमी फेडावी. लाज वाटून घेऊ नये. अट एकच, आणि ती पाळायची नसेल तर लोनच्या नादी लागूच नये : लोनचे पैसे भरले त्याच दिवशी कार्ड बंद.

आधी हिशोब करू. समजा कार्डावर २ लाख थकलेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के. (कार्डाच्या दुनियेत हा दर काही जगावेगळा नाही.) म्हणजे महिन्याचं व्याज ७,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १,२६०. झाले ८,२६०. तुम्ही १०,००० भरले तर मुद्दल कमी होणार फक्त १,७४० रुपयांनी! असेच दरमहा १०,००० भरत राहा, कार्डावर एका रुपयाची नवी खरेदी करू नका, तरी वर्षभरात १ लाख २० हजार भरून २ लाखांचे उरतात साधारण १ लाख ७४ हजार. पूर्ण फिटायला ४४ महिने आणि एकूण सुमारे ४ लाख ३२ हजार रुपये लागतात.

आता तेच २ लाख घटत्या शिलकीवर १५ टक्के वार्षिक व्याजाने दोन वर्षांसाठी घ्या. हप्ता येतो साधारण ९,७००. एकूण भरणा २ लाख ३३ हजारांच्या आत. दोन टक्के प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी धरला तर वर ४,७२० रुपये. म्हणजे हप्ता जवळपास तोच, पण कर्ज २४ महिन्यांत संपलं आणि वाचले दोन लाखांच्या आसपास. हे दोन लाख म्हणजे पोरांची फी, आईबाबांची औषधं. ते 'नवं कर्ज नको' या तत्त्वापायी बँकेला वाहायचे? काऊन?

मनीषनगरच्या जुन्या लोकांना रेल्वे फाटक आठवत असेलच. २०२० च्या नोव्हेंबरात पूल आणि अंडरपास सुरू झाले, त्याआधी तिथे गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असायच्या. पेट्रोल जळतंय, चाक हलत नाहीये. मिनिमम ड्यू म्हणजे अगदी तेच. वर थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. आज कार्डावर घेतलेल्या किराण्यालासुद्धा आजपासूनच व्याज. 'फक्त मिनिमम भरलं तर फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल' अशी सूचना बिलावर छापायला रिझर्व्ह बँकेने कंपन्यांना लावलंय. ती वाचतो कोण, हा प्रश्न वेगळा.

आणि ज्या सावकाराला आपण शिव्या घालतो, त्याचं बघा. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे. त्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकरी नसलेल्या माणसाकडून विनातारण कर्जावर वर्षाला जास्तीत जास्त १८ टक्के घेता येतात. कार्डाचे साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाचे ४२, आणि जीएसटी धरून जवळजवळ ५०. बँकांना हा कायदा लागूच नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. बँका सुप्रीम कोर्टात गेल्या आणि २० डिसेंबर २०२४ ला कोर्टाने तो निकाल रद्द केला, व्याजदर हा रिझर्व्ह बँकेचा प्रांत आहे म्हणून. तेव्हा कुणी येऊन तुमचं व्याज कमी करेल याची वाट बघू नका. जे करायचं ते आपल्यालाच.

म्हणजे लोन विकणारे साव, असं नाही हं. फोन येतो, "सर, हप्ता अर्धा करून देतो!" देतोच तो. तेच २ लाख १५ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता फक्त ४,७६० च्या आसपास. पण एकूण व्याज ३३ हजारांवरून ८५ हजारांवर जातं, ते सर सांगत नाहीत. दुसरी गंमत 'फ्लॅट' दराची. दोन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट ऐकायला गोड वाटतं, पण घटत्या शिलकीच्या हिशोबाने ते साडेएकवीस टक्क्यांच्या वर पडतं. म्हणून विचारायचं ते हप्ता किती हे नाही, तर एकूण किती रुपये भरणार हे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या रिटेल कर्जाबरोबर 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' देणं बंधनकारक आहे आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो कागद मागा. मुदतीआधी फेडलं तर दंड किती, तेही त्यात बघा, कारण पर्सनल लोन बहुधा फिक्स्ड दराचं असतं आणि तिथे दंड लागू शकतो.

आता त्या अटीबद्दल. मेमरी लीक असलेला प्रोग्रॅम रीस्टार्ट केला की छान पळतो, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. थोडे दिवस. लीक शोधली नाही तर पुन्हा तेच. लोन म्हणजे रीस्टार्ट. कार्डावरची शिल्लक शून्य दिसली की माणसाला वाटतं आपण सुटलो, आणि दिवाळीला त्याच रिकाम्या लिमिटवर नवा टीव्ही येतो. मग लोनचा हप्ताही आहे आणि कार्डही भरलेलं. जुन्या माणसांची भीती खरी ठरते ती इथे! थकबाकी पूर्ण भरून कार्ड बंद करायचा अर्ज दिला की सात कामकाजी दिवसांत ते बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड तुम्हाला द्यावा लागतो, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. एकापेक्षा जास्त कार्डं असतील तर सगळ्यांचं हेच करा. अगदीच एक ठेवायचं असेल तर लिमिट इतकं खाली आणा की एका पगारात सगळं बिल फिटेल.

आणखी एक. हे कर्ज घरावर 'टॉप-अप' घेऊन फेडू नका. व्याज कमी पडतं, मान्य. पण कार्डाचं कर्ज विनातारण असतं. त्याच्यासाठी राहतं घर कशाला डावावर लावायचं? दागिन्यांचंही तेच. हप्ते चुकले तर लिलाव घरातल्या सोन्याचा होतो.

"शिस्त असती तर कर्ज झालंच नसतं, मग लोनने काय होणार?" असं काही जण म्हणतील. अहो, पन्नास टक्क्यांच्या खड्ड्यात उभं राहून शिस्त दाखवायची म्हटलं तर ४४ महिने लागतात. तीच शिस्त १५ टक्क्यांत दाखवली तर २४. शिस्त दोन्हीकडे लागणारच, मग ती स्वस्तात का नको? आणि तिची पहिली पायरी म्हणजे घरी सांगणं. बायकोपासून, नवऱ्यापासून, आईवडिलांपासून लपवलेलं कर्ज मिनिमम ड्यूवरच जगतं. एकदा आकडा घरच्या टेबलावर आला की निम्मा निर्णय झालेलाच असतो.

तेव्हा या रविवारी सगळ्या कार्डांची बिलं काढा, कॅल्क्युलेटर घ्या आणि बेरीज करा. आकडा तीन पगारांत फिटणारा असेल तर लोन नको, पोट आवळून फेडून टाका. नसेल तर सोमवारी दोन-तीन बँकांकडून तो कागद मागवा, आणि कार्ड बंद करायचा अर्ज आजच लिहून ठेवा.